नौदलात ॲडमिरलपदापर्यंतची वाट: बढत्या कशा होतात आणि बहुतेक जण कुठे थांबतात

प्रश्न एका पालकांचा आहे: मुलगा बारावीत आहे, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदलात जायचे म्हणतो. सब लेफ्टनंटपासून ॲडमिरलपर्यंत पोचायला किती वर्षे लागतात, बढत्या नेमक्या कशावर ठरतात, आणि इतके हुशार अधिकारी कमांडरवरच का थांबतात?

आधी हिशेब सांगतो. कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक, हुद्दा सब लेफ्टनंट) मिळाल्यावर 2 वर्षांनी लेफ्टनंट, 6 वर्षांनी लेफ्टनंट कमांडर आणि 13 वर्षांनी कमांडर. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी 2004 च्या अखेरीस लागू झाल्या तेव्हापासून इथपर्यंतची बढती काळानुसार मिळते. अट एवढीच की परीक्षा-कोर्स झालेले असावेत, वैद्यकीय श्रेणी टिकलेली असावी आणि शिस्तीचा डाग नसावा. कॅप्टनपासून पुढे मात्र निवड मंडळ बसते. तिथे ज्यांची निवड होत नाही त्यांना 26 वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध कॅप्टन हा हुद्दा मिळतो, पण त्या वाटेने पुढे ॲडमिरल होता येत नाही. निवडीचा कॅप्टन झालेला पुढे कमोडोर होतो. मग रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, आणि शेवटी एकच जागा, ॲडमिरल हुद्द्याच्या नौदलप्रमुखांची. नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या. हे घरच्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

हा झाला कागदावरचा भाग. माझे ठाम मत असे की अधिकाऱ्याची कारकीर्द हुद्द्यांच्या यादीवरून कळत नाही. कोणत्या वयात, कोणती नौका त्याच्या ताब्यात होती आणि ती त्याने कशी चालवली, यावरून कळते. ॲडमिरल होण्याचा निकाल पन्नाशीत लागतो, पण त्याचा पाया तिशीच्या आत घातला जातो, तोही रात्री ब्रिजवर, म्हणजे जिथून नौका चालवतात त्या कक्षात.

खडकवासल्याच्या एनडीएतली तीन वर्षे आणि केरळातल्या एझिमला अकादमीतले प्रशिक्षण संपले की कोचीच्या फर्स्ट ट्रेनिंग स्क्वाड्रनवर समुद्रातले शिक्षण सुरू होते. ‘तीर’ आणि ‘शार्दूल’सारख्या नौका, शिवाय ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही शिडाची जहाजे. त्यानंतर युद्धनौकेवर नेमणूक होते आणि पहिले खरे ध्येय समोर येते: वॉचकीपिंगचे प्रमाणपत्र. म्हणजे कॅप्टन झोपलेला असताना नौका या अधिकाऱ्याच्या हाती निर्धास्त सोपवता येईल, असे कॅप्टनने लेखी देणे. (जहाजावर ‘कॅप्टन’ म्हणजे त्या नौकेची कमान असलेला अधिकारी, त्याचा हुद्दा कोणताही असो.)

या कामात काय असते ते थोडे जवळून पाहू. रात्री बारा ते चारचा मिडल वॉच (पहाऱ्याची पाळी) आहे आणि नौका कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघाली आहे. वॉचवर येणारा अधिकारी पंधरा-वीस मिनिटे आधी येतो, डोळे अंधाराला सरावू देतो आणि कॅप्टनची नाइट ऑर्डर बुक वाचून सही करतो. त्यात कोर्स आणि वेग असतो. कोणतेही जहाज अमुक मैलांपेक्षा जवळून जाणार असेल तर मला उठवा, दृश्यता इतकी कमी झाली तर उठवा, आणि शंका आली तर उठवा, असे सगळे लिहिलेले असते. उजव्या बाजूला पुढे एक लाल दिवा दिसतो. म्हणजे ते जहाज आपल्या पुढून डावीकडे चालले आहे, आणि 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे वाट आपण द्यायची. रडारवर त्याचे अंतर घटत जाते. कंपासवर बेअरिंग (ते जहाज कोणत्या दिशेला आहे, अंशांत) घेतले, तीन मिनिटांनी पुन्हा घेतले, आणि आकडा तोच आला. बेअरिंग बदलत नाही आणि अंतर कमी होते, याचा अर्थ टक्कर ठरलेली आहे. अशा वेळी लवकर आणि ठसठशीत वळायचे असते. पाच-पाच अंश करून वळले तर समोरच्याला आपण वळलो हेच कळत नाही.

आणि या हिशेबात मासेमारी करणारे ट्रॉलर अजून आलेलेच नाहीत. ते घोळक्याने असतात, काहींचे दिवे नियमात बसत नाहीत, मागे जाळे किती लांब आहे ते दिसत नाही, आणि लाकडी होडी रडारवर पुसट येते. नवा अधिकारी इथे दोन प्रकारे चुकतो. एक जण सगळा वेळ पडद्यात डोके घालून बसतो आणि खिडकीबाहेर बघत नाही. दुसरा कॅप्टनला उठवायला कचरतो. ‘साहेबांची झोप मोडायला नको’ म्हणतो आणि उठवतो तेव्हा उशीर झालेला असतो. पहिला दोष सरावाने जातो. दुसरा स्वभावाचा आहे, आणि अनुभवी कॅप्टन तो पहिल्याच महिन्यात ओळखतो. वेळेवर उठवणाऱ्या अधिकाऱ्याला प्रमाणपत्र लवकर मिळते, हे मुलाला आतापासून सांगून ठेवा.

त्यानंतर विशेष शाखा. तोफा-क्षेपणास्त्रे, दिशादर्शन, पाणबुडीविरोधी युद्ध आणि दळणवळण हे लाँग कोर्स कोचीच्या परिसरात होतात. पाणबुडीचे शिक्षण विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या तळावर, जलसर्वेक्षणाचे गोव्यात. कोणती शाखा घेतली तर ॲडमिरल होता येते, हा प्रश्न नेहमी येतो. एकच शाखा तारते असे दिसत नाही. ॲडमिरल शेखावत पाणबुडीवाले, ॲडमिरल अरुण प्रकाश वैमानिक, ॲडमिरल करमबीर सिंग हेलिकॉप्टरचे वैमानिक, ॲडमिरल लांबा दिशादर्शनातले, ॲडमिरल हरी कुमार तोफखान्याचे, ॲडमिरल त्रिपाठी दळणवळण आणि इलेक्ट्रॉनिक युद्धाचे. सगळे नौदलप्रमुख झाले. अट एकच: एक्झिक्युटिव्ह शाखा. जहाजाची कमान त्याच शाखेकडे असते.

आता खऱ्या चाळणीकडे येऊ. विनाशिकेवर किंवा फ्रिगेटवर (दोन्ही मोठ्या युद्धनौका) कॅप्टननंतरचा माणूस म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, सगळे त्याला एक्सओ म्हणतात. रोजचे आदेश, स्वच्छता, शिस्त, रजा, रिक्वेस्टमेन (विनंत्या घेऊन येणारे) आणि डिफॉल्टर्स (शिस्त मोडणारे), आग-पाण्याच्या कवायती, सगळे त्याच्याकडे. दिवस पहाटे सुरू होतो आणि संपत नाही. एक्सओचे काम दिसते तेव्हा तक्रारीच्या रूपात, आणि नीट झाले तर कॅप्टनच्या नावावर जमा होते. तरीही हे काम टाळणाऱ्याचे पुढे कठीण होते, कारण तीनशे माणसांचे जहाज कसे चालते हे इथेच कळते.

आणि कमान. शिडी कशी असते त्याचा उत्तम नमुना म्हणजे ॲडमिरल हरी कुमार यांची कारकीर्द. तटरक्षक दलाची ‘सी-01’, मग क्षेपणास्त्र नौका ‘निशंक’, मग कॉर्व्हेट (फ्रिगेटहून छोटी युद्धनौका) ‘कोरा’, मग विनाशिका ‘रणवीर’, आणि शेवटी विमानवाहू ‘विराट’. प्रत्येक वेळी जहाज मोठे, माणसे जास्त, चूक अधिक महाग. लेफ्टनंट कमांडरला छोटी गस्ती किंवा जलद हल्ला नौका मिळते, कमांडरला क्षेपणास्त्र नौका किंवा कॉर्व्हेट, कॅप्टनला फ्रिगेट किंवा विनाशिका. विमानवाहू नौका कमोडोर किंवा अगदी वरिष्ठ कॅप्टनकडे जाते. 2 सप्टेंबर 2022 रोजी नवी ‘विक्रांत’ दाखल झाली तेव्हा तिची कमान कमोडोर विद्याधर हारके यांच्याकडे होती. आणि ‘त्रिंकट’ची कमान लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आली तेव्हा युद्धनौकेची कमान करणारी नौदलातली पहिली महिला म्हणून त्यांचे नाव झाले. मुलीही या शिडीवर आल्या आहेत, म्हणून धाकटी बहीण असेल तर तिलाही हे वाचायला द्या.

कमान साधारण दीड वर्षाची असते. एवढ्या वेळात करायचे फार असते, म्हणून ताबा घेतानाच कसून घ्यावा लागतो. गोपनीय पुस्तके एकेक मोजून सही, दारूगोळ्याच्या कोठारांच्या किल्ल्या, दोषांची यादी आणि त्यातले कोणते खरोखर गोदीशिवाय सुटणार नाहीत ते, इंधन, स्थिरतेची अवस्था, चुंबकीय कंपासचे विचलनपत्रक. सर्वात महत्त्वाचे म्हणजे नौकेच्या वळण्याची आणि थांबण्याची आकडेवारी: कोणत्या वेगाला, किती अंश सुकाणू दिले की ती किती पुढे सरकते आणि किती बाजूला जाते. हे पाठ नसेल तर बंदरात शिरताना विचार करायला वेळ उरत नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्या. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. प्रवाह आडवा येतो, व्यापारी जहाजांची रांग असते, एका बाजूला प्राँग्जचा खडक, पुढे संक रॉकचा दीपस्तंभ. उथळ पाण्यात वेग वाढवला की नौका खाली बसते. याला स्क्वॅट म्हणतात, आणि वेग दुप्पट केला तर ते साधारण चौपट होते. म्हणजे नकाशावर तळाशी पुरेसे पाणी दिसत असूनही घाईने येणारी नौका तळाला लागू शकते. दिशादर्शन अधिकारी आधीच्या दिवशी योजना करतो: प्रत्येक वळणाची जागा, त्यासाठी किनाऱ्यावरची खूण, कोणत्या बेअरिंगच्या पलीकडे जायचे नाही त्या रेषा, आणि ‘इथून पुढे परत फिरता येणार नाही’ तो बिंदू. योजना चांगली असूनही अपघात होतात, त्याचे नेहमीचे कारण असे की ब्रिजवर कोणाला तरी चूक दिसलेली असते आणि तो बोलत नाही. चांगला कॅप्टन म्हणूनच आत शिरण्यापूर्वी सगळ्यांसमोर सांगतो: खटकले की मोठ्याने बोला, हुद्दा पाहू नका.

30 जानेवारी 2011 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘विंध्यगिरी’ आणि एका व्यापारी जहाजाची टक्कर झाली. फ्रिगेटवर आग लागली आणि ती गोदीत धक्क्याला बुडाली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसते. नौदल अधिनियम 1957 खाली जहाज धोक्यात घालणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कोर्ट मार्शल होऊ शकते. पण कोर्ट मार्शलच हवे असे नाही. नाराजीचे एक लेखी पत्र सेवापुस्तकात लागले तरी पुढच्या मंडळासमोर ते दिसते, आणि ज्या तुकडीत सगळेच चांगले आहेत तिथे तेवढे पुरते. सुकाणूवर कोणी का असेना, जबाबदारी कॅप्टनची. हे कठोर आहे आणि ते तसेच असायला हवे. समुद्रात चूक वाटून घेता येऊ लागली की कोणीच रात्री उठून ब्रिजवर येणार नाही.

निवड मंडळ काय पाहते? मुख्यतः गोपनीय अहवाल. जहाजावरच्या अधिकाऱ्याचा अहवाल कॅप्टन लिहितो, कॅप्टनचा साधारणपणे ताफ्याचा प्रमुख, आणि त्यावर वरचे अधिकारी मत नोंदवतात. जमिनीवरच्या कार्यालयातल्या उत्कृष्ट अहवालापेक्षा कमानीच्या काळातला अहवाल जड पडतो. ‘चांगला’ हा शेरा बाहेरच्याला कौतुक वाटतो. वरच्या निवडीत तो अडसर ठरतो, कारण शेजारच्याला ‘उत्कृष्ट’ मिळालेले असते. तुलना आपल्याच तुकडीशी होते. पहिल्या संधीत राहून गेले तर पुढची संधी मिळते, पण मग निवड झाली तरी ज्येष्ठता जाते.

बरेच जण का थांबतात त्याची कारणे त्यांच्या लायकीशी नेहमी जोडलेली नसतात. त्या वर्षी त्या वर्गाच्या नौकाच कमी असतात, किंवा मिळालेली नौका दीर्घ दुरुस्तीला गोदीत असते आणि कमानीचा मोठा काळ समुद्राविना जातो. तामिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स राहून जातो. गुडघा किंवा रक्तदाब यामुळे वैद्यकीय श्रेणी खाली येते आणि समुद्रावरची नेमणूक हुकते. आई-वडिलांच्या आजारपणासाठी सलग दोन नेमणुका एकाच शहरात मागितलेल्या असतात. अन्याय झाला असे वाटले तर नौदलांतर्गत तक्रारीची रीतसर पद्धत आहे आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. तिथे अहवालातली विसंगती दाखवता येते. ‘मी जास्त लायक होतो’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही, तो मंडळाचा अधिकार मानला जातो.

कॅप्टनच्या पलीकडे एक गोष्ट फार कमी लोक आधी लक्षात घेतात: जन्मतारीख. रिअर ॲडमिरल 58 व्या वर्षी निवृत्त होतात, व्हाइस ॲडमिरल 60 व्या, नौदलप्रमुख 62 व्या किंवा तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा. ॲडमिरल हरी कुमार यांचा जन्म एप्रिल 1962 चा, म्हणून ते 30 एप्रिल 2024 ला निवृत्त झाले. त्या दिवशी सूत्रे घेणारे ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांचा जन्म 15 मे 1964 चा. 1 जुलै 1985 ला कमिशन, म्हणजे जवळपास 39 वर्षांची सेवा, आणि साठी पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे. जागा दोन महिने उशिरा रिकामी झाली असती तर ते व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले असते. तिथपर्यंत पोचलेले सगळेच कर्तबगार असतात. त्यांतून कोण हे तारखांवरही ठरते. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे हे वय चालते. साडेसोळाव्या वर्षी जाणारा आणि साडेएकोणिसाव्या वर्षी जाणारा एकाच तुकडीत असतात, पण वरच्या टोकाला धाकट्याच्या हातात तीन वर्षे जास्त असतात.

ध्वज अधिकारी (रिअर ॲडमिरल आणि त्यावरचे) झाल्यावर काम पूर्ण बदलते. कॅप्टन एक जहाज लढवतो. पश्चिम किंवा पूर्व ताफ्याचा रिअर ॲडमिरल अनेक जहाजे, त्यांचे इंधन, विमाने आणि पाणबुड्या यांची मोट बांधतो. मुंबई, विशाखापट्टणम आणि कोची इथले कमांड-प्रमुख व्हाइस ॲडमिरल असतात; त्यांच्याकडे समुद्राबरोबर गोदी, तळ, किनाऱ्याची सुरक्षा हे सगळे येते. 1971 चा कराचीवरचा हल्ला या दृष्टीने वाचा. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या बोटींवरून क्षेपणास्त्रे सुटली. जागेवर नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांचे. मुंबईत पश्चिम कमांडला व्हाइस ॲडमिरल कोहली, आणि दिल्लीत ॲडमिरल नंदा, ज्यांनी या छोट्या पल्ल्याच्या बोटी इतक्या दूर नेण्याचा धोका स्वीकारला आणि सरकारची संमती मिळवली. खालच्याने नेम धरायचा, मधल्याने बोटी तिथवर पोचवून परत आणायच्या, वरच्याने धोका आपल्या अंगावर घ्यायचा. याच युद्धात पूर्व ताफ्यात ‘कमोर्टा’ची कमान मनोहर आवटी यांच्याकडे होती. त्यांना वीरचक्र मिळाले, आणि पुढे ते मुंबईत पश्चिम कमांडचे प्रमुख झाले.

हा बदल शिकवण्यासाठी गोव्याच्या नेव्हल वॉर कॉलेजचा हायर कमांड कोर्स आणि दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजचा 47 आठवड्यांचा कोर्स असतो. तरी काही उत्तम कॅप्टन इथे अडखळतात: ते प्रत्येक जहाजाच्या ब्रिजवर स्वतःच जाऊ पाहतात. दिल्लीचे काम तर आणखी वेगळे. अर्थसंकल्प, खरेदी, मंत्रालयाशी पत्रव्यवहार. नागरी सत्तेशी नाते कसे राखायचे हाही तिथल्या कामाचाच भाग आहे. 30 डिसेंबर 1998 रोजी ॲडमिरल विष्णू भागवत यांना पदावरून दूर केले गेले, त्यामागे उपप्रमुखपदाच्या एका नेमणुकीचा वाद होता. 26 फेब्रुवारी 2014 रोजी ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत दोन अधिकारी गेले आणि ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. ब्रिजवरची जबाबदारीची रीत सर्वोच्च पदावरही कशी लागू होते, ते त्या राजीनाम्यात दिसते.

मुलाचा कल यंत्रांकडे असेल तर अभियांत्रिकी किंवा विद्युत शाखेला दुय्यम समजू नका. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ आणि जामनगरचे ‘वलसुरा’ ही प्रशिक्षण केंद्रे, मग नौकेवर विभागप्रमुख, माझगाव डॉकसारख्या ठिकाणी नव्या नौकांवर देखरेख करणारा चमू, नौदल गोदीचे ॲडमिरल सुपरिंटेंडंट, आणि शेवटी दिल्लीत चीफ ऑफ मटेरियल, जे व्हाइस ॲडमिरल असतात. जहाजाची कमान आणि नौदलप्रमुखपद या वाटेवर नाही, एवढे आधीच मान्य करून जावे.

पगार थोडक्यात: सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन सब लेफ्टनंटला 56,100, कमांडरला 1,21,200, कॅप्टनला 1,30,600, रिअर ॲडमिरलला 1,44,200, आणि नौदलप्रमुखांना 2,50,000 रुपये. कमोडोरपर्यंत 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन वेगळे मिळते, ते रिअर ॲडमिरलला मिळत नाही. म्हणून त्या बढतीने हातात येणारी वाढ अपेक्षेपेक्षा किरकोळ असते.

सध्या करायचे ते एवढेच: बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवेच. पहिल्या शक्य त्या प्रयत्नात एनडीए द्यावी, वयाचा हिशेब वर दिला आहे. पोहायला शिकवा. आणि अर्ज भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. लाल आणि हिरवा दिवा अंधारात दुरून अचूक ओळखता आला नाही तर एक्झिक्युटिव्ह शाखा बंद होते. त्यावर उपचार नाही, आणि हे एसएसबीनंतरच्या (निवड मंडळाच्या मुलाखतीनंतरच्या) वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळणे मुलासाठी फार जड जाते.